तुम्ही विचारलंत म्हणून : गणिताच्या मास्तराला चेटूक का आवडते?

निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांतून ऐकावा लागतो. कधी तो जुन्या विद्यार्थ्याकडून येतो, कधी शेजाऱ्यांकडून येतो, आणि आमचे व्याही तर दर भेटीत तो विचारतातच : "सर, तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत, आणि आता रात्री जागून ते ड्रॅगन आणि चेटूक काय पाहत बसता?" प्रश्नात थोडी चेष्टा असते, थोडी काळजीही असते. आजवर मी हसून विषय बदलत आलो, कारण जेवता जेवता देण्याइतके हे उत्तर लहान नाही.

गणितात आम्ही 'समजा' या शब्दाने सुरुवात करतो. समजा, क्ष ही एक संख्या आहे. समजा, या दोन रेषा समांतर आहेत. त्या 'समजा'ला वर्गातला कोणताही मुलगा खोटे म्हणत नाही. मात्र एकदा गृहीतक मांडले, की पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच निघाली पाहिजे, आणि सिद्धता अडली म्हणून मध्येच गृहीतक बदलले, तर गुण मिळत नाहीत. फँटसी, म्हणजे ड्रॅगन-चेटकाच्या अशा अद्भुत गोष्टी, पाहताना मी नेमके हेच तपासत असतो. माणूस उडतो की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. तो कधी उडू शकत नाही, हे मला आधी कळायला हवे. आपल्या रसशास्त्राने अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय असल्याचे सांगितले आहे, आणि जिथे कोणत्याही क्षणी काहीही घडू शकते तिथे विस्मय वाटत नाही, माणूस नुसता बघत बसतो.

उदाहरण म्हणून २०१८ साली आलेला 'तुंबाड' घेतो. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट हिंदीत असला, तरी त्यातला पाऊस, वाडा आणि माणसे आपल्या कोकणातली आहेत. देवीचा पहिला मुलगा हस्तर सोन्यावर हात मारतो, पण धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात, म्हणून तो सोन्याचा धनी असूनही कायमचा भुकेला आहे. या एका 'समजा'तून सगळा चित्रपट निघतो. चित्रपटाचा नायक विनायक हस्तर जिथे आहे त्या देवीच्या गर्भात दोराने खाली उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, कणकेच्या बाहुलीने हस्तरला भुलवतो, आणि तो ती खाण्यात गुंतलेला असताना त्याच्या लंगोटातून मोहरा ओढून घेतो. एका फेरीत जेमतेम मूठभर. पुढचा कथाभाग उघड करतो आहे, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी क्षमा करावी. विनायकाच्या मुलाला वाटते की एकदाच पुष्कळ बाहुल्या नेल्या, तर सगळा लंगोटच पळवता येईल. ते बाहुल्या नेतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकट होतात. आम्ही याला एकास-एक संगती म्हणतो. त्या क्षणी मी खुर्चीवरून अक्षरशः उठून उभा राहिलो होतो. भीती वाटली हे खरेच, पण सिद्धता चोख जुळली याचा आनंद अधिक होता. हावेचा शेवट वाईट होतो, हे कीर्तनात आपण शेकडो वेळा ऐकले असेल, पण इथे तो शेवट कोणी उपदेश म्हणून चिकटवलेला नाही, तो पहिल्याच वाक्यात दडलेला होता. वास्तववादी चित्रपटाला हे इतक्या लख्खपणे दाखवता येईल, असे मला वाटत नाही, आणि फँटसीचे मोठे सामर्थ्य मी यालाच मानतो. (आणि विनोदात काढू नका, पण १९९३च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचूसुद्धा नियमाने बांधलेला आहे. भुवयांच्या मधोमध गोळी लागल्याखेरीज तो मरत नाही, म्हणूनच शेवटची झटापट रंगते.)

दुसरे सामर्थ्य डोळ्यांना जाणवते, पण त्याचे कारण सहसा लक्षात येत नाही. पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये एकत्रच चित्रित केलेले 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन भाग २००१ ते २००३ या काळात आले, आणि तिसऱ्याने अकरा नामांकनांपैकी अकराही ऑस्कर पटकावले. त्यातले हॉबिट माणसाच्या कमरेएवढे आहेत, पण ती भूमिका करणारे नट चारचौघांसारख्याच उंचीचे. मग उंचापुरा जादूगार गॅन्डाल्फ आणि हॉबिट फ्रोडो एका बैलगाडीएवढ्या छकड्यात शेजारी बसलेले दिसतात ते कसे? फ्रोडो झालेल्या नटाला कॅमेऱ्यापासून बरेच मागे बसवले होते, आणि बैठक अशी बनवली होती की दोघे खांद्याला खांदा लावून बसल्याचा भास व्हावा. हे आमचे समरूप त्रिकोणांचे प्रकरण आहे. नववी-दहावीच्या मुलांना मी ते फळ्यावर काढून दाखवत असे, आणि एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुलेही त्या तासाला फळ्याकडे पाहत. त्या चित्रपटांतल्या चिलखतांच्या कड्यादेखील प्लास्टिकच्या नळ्या कापून, माणसांनी हाताने एकमेकींत गुंफून केल्या होत्या. खोट्याला असे वजन असले की डोळा विश्वास ठेवायला तयार होतो.

आता याच मंडळींनी पुढे काय केले ते पाहा, म्हणजे या प्रकाराच्या उणिवा वेगळ्या सांगाव्या लागणार नाहीत. 'हॉबिट' ही मूळची एक आटोपशीर, मुलांसाठी लिहिलेली गोष्ट. २०१२ ते २०१४ या काळात तिचे तीन चित्रपट झाले आणि एकूण लांबी आठ तासांच्या घरात गेली. पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखी तिची चव झाली. शिवाय हे चित्रपट त्रिमितीत (थ्रीडीत) काढले होते. त्रिमितीत दोन डोळ्यांसारखी दोन भिंगे अंतर मोजत असतात, त्यामुळे मागे बसवलेला नट मागेच दिसतो आणि समरूप त्रिकोणांची युक्ती फसते. म्हणून गॅन्डाल्फ झालेल्या इयान मॅककेलन यांना हिरव्या पडद्यासमोर, सहकलाकार शेजारी नसताना, एकट्याने संवाद म्हणावे लागले. त्या वेळी आपल्याला रडू कोसळल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. नेहमीच्या सेकंदाला २४ चौकटींऐवजी पहिला भाग ४८ चौकटींनी चित्रित केला होता, आणि त्या अतिस्पष्टतेमुळे प्रासाद प्रासाद न दिसता नाटकाचा सेट दिसतो, अशी तक्रार पुष्कळांनी केली. तंत्र वाढले आणि वजन गेले. संगणकावर हजारो सैनिक कोसळताना पाहून मला हल्ली काहीच वाटत नाही, आणि यात माझ्या वयाचा दोष आहे असे मी मानायला तयार नाही.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल एका विद्यार्थ्याने मला विचारले होते की जादूची अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायला गेलेल्या फ्रोडोला शेवटी उचलून आणायला गरुड येतात, तर मग ते त्याला अंगठीसह आधीच तिकडे का नेत नाहीत? मी बराच विचार केला. चित्रपटात याचे उत्तर दिलेले नाही. त्या मुलाला मी पूर्ण गुण दिले असते. त्याहून मला खुपते ते हे, की त्या जगात शत्रूच्या सैन्यातले राक्षसासारखे ऑर्क जन्मतःच कुरूप आणि जन्मतःच दुष्ट आहेत. त्यांच्यात एकही गोंधळलेला, पश्चात्ताप करणारा ऑर्क आपल्याला भेटत नाही. चेहरा पाहून बाजू ठरते. आपल्या पौराणिक मालिकांतला, जटा सोडून गडगडाटी हसणारा राक्षस त्याचाच भाऊबंद आहे.

मालिकांबद्दल व्याह्यांचा विशेष आक्षेप असतो, कारण त्यात वेळ फार जातो. पण लांबी हेच मालिकेचे बळ आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' २०११ साली सुरू झाली. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात, ज्याला आपण नायक धरून चाललो होतो त्या नेड स्टार्कचा शिरच्छेद होतो, आणि त्या एका घावाचे परिणाम मालिका पुढे अनेक वर्षे दाखवत राहते. दोन-अडीच तासांत हे साधत नाही. पहिल्याच भागात राजाचा लवाजमा महिनाभर प्रवास करून उत्तरेला पोहोचतो, आणि ते अंतर आपल्या मनात ठसते. सातव्या पर्वात मात्र गोठलेल्या तळ्यात वेढले गेलेले लोक मदतीची वाट पाहत असताना एक जण धावत उत्तर सीमेवरच्या भिंतीपर्यंत जातो, तिथून निरोप घेऊन कावळा खंडाच्या दुसऱ्या भागात पोहोचतो, आणि राणी ड्रॅगनवर बसून वेळेत हजरही होते. अंतर, वेग आणि काळ यांचे हे गणित आठवीच्या वर्गातही चुकीचे ठरले असते. ड्रॅगन मी मान्य केला होता. कावळ्याचा वेग मान्य करायला मला कोणी सांगितले नव्हते. मालिका मूळ कादंबऱ्यांच्या पुढे निघून गेली होती, सातव्या पर्वाचे सात आणि आठव्याचे सहाच भाग होते, आणि माणसांनी जिथे पोहोचायचे तिथे त्यांना ढकलत न्यावे लागत होते. ७३ भागांनंतर लोक चिडले, ते शेवट दुःखद होता म्हणून नव्हे, मधल्या पायऱ्या गाळल्या होत्या म्हणून.

मला सगळ्यात जवळचा वाटणारा अद्भुताचा प्रसंग मात्र फँटसीतला नाहीच, आणि त्याला फँटसी म्हटलेले वारकऱ्यांना रुचणारही नाही. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्ये शेवटी वैकुंठाहून विमान येते. तुकोबा जिजाईला सोबत चल म्हणतात, आणि तिचे चित्त मात्र स्वयंपाकात नि मुलाबाळांत असते. आजच्या मानाने ते विमान अगदी साधे आहे, पण ते खरे वाटते, कारण खाली उभ्या असलेल्या त्या बाईचा संसार खरा आहे. पुढच्या कित्येक चित्रपटांनी विमान सुधारले. जिजाईकडे तितके लक्ष कोणी दिले नाही.

गेल्या महिन्यात व्याह्यांनी, माझ्या आग्रहाखातर आणि बराच कुरकुर करून, 'तुंबाड' पाहिला. त्या रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ते म्हणाले, "सर, मला एक सांगा, लंगोट एकच असता, आणि बाहुली एकच पण खूप मोठी केली असती, तर चाललं असतं का?" पावणेबारापर्यंत आम्ही बोलत होतो, आणि अजून आमचे एकमत झालेले नाही.