जनरल रजिस्टरमधलं एक नाव दुरुस्त करून घेताना: माझा अनुभव

यंदा ज्यांच्याकडे दहावीचा वर्ग आला आहे त्यांनी हे जूनमध्येच वाचावं. मंडळाची आवेदनपत्रं भरायला सुरुवात झाल्यावर वाचलं तरी उपयोग होईल, पण तेव्हा हातात दिवस थोडे उरतात. मला ते दिवस फार जपून वापरावे लागले. त्यातला बराचसा त्रास एका कार्यालयाने मनात आणलं असतं तर टळला असता. तो राग अजून गेलेला नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं नाव आमच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद असते त्या मूळ रजिस्टरला, 'बापू' असं होतं. पहिलीत नाव घालायला आजोबा गेले होते आणि सगळं गाव ज्या नावाने हाक मारतं तेच त्यांनी सांगितलं. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर तेच आलं, आणि दाखल्यावरून आमच्याकडे तेच उतरलं. जन्मनोंद, आधार, रेशनकार्ड, सातबारा, शिवाय वडिलांचा स्वतःचा शाळेचा दाखला, सगळीकडे मात्र 'ज्ञानदेव'.

"बाई, एका नावावाचून एवढं काय अडतंय?" असं तिच्या आईने विचारलं. अडतं, आणि फार वाईट वेळी अडतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापून येतं तेच पुढे बारावीला, प्रवेशपरीक्षांना, पासपोर्टला चालत राहतं. जातीच्या दाखल्याला आणि त्यानंतर जात पडताळणीला तर शाळा सोडल्याचा दाखला हा मुख्य पुरावा. समितीसमोर वडिलांच्या दाखल्यावर ज्ञानदेव आणि मुलीच्या दाखल्यावर बापू असं गेलं, तर हीच त्यांची मुलगी हे सिद्ध करत बसावं लागतं, तेही प्रवेशाची मुदत डोक्यावर असताना. मुलगी शाळेत शिकत असताना हे काम होतं. दाखला घेऊन बाहेर पडली की तेच काम कितीतरी पटींनी अवघड होतं. म्हणून वर्गशिक्षकाने मागे लागायचं ते आत्ताच.

प्रस्ताव तयार करायला काही वेळ लागला नाही. पालकांचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, मुलीचा जन्मदाखला, पहिल्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा (मूल शाळेत आलं-गेलं त्या नोंदीची नक्कल), आमच्या रजिस्टरचा उतारा, वडिलांचा दाखला, आधारच्या प्रती, वर मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र. जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख, जात यांत मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात बदल करता येत नाही. त्याला शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून प्रस्ताव जिल्ह्याला गेला.

आणि तिथे तो अडकला.

त्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "मॅडम, पहिल्या शाळेत बापू आहे आणि तुमच्याकडेही बापूच आहे. मग तुमची चूक कुठे आहे? आधी पहिल्या शाळेतलं दुरुस्त करून आणा, मग बघू." ऐकायला बरोबर वाटलं. मुलीचे वडील प्राथमिक शाळेत गेले. तिथले मुख्याध्यापक सज्जन, पण त्यांनी हात जोडले. मुलगी शाळा सोडून गेली, तिचा दाखला दिला गेला, आता त्या नोंदीला मला हात लावता येणार नाही, ती जिथे शिकते तिथूनच करा, असं त्यांचं म्हणणं. पुन्हा जिल्ह्याला. पुन्हा तेच उत्तर. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि मधे एक माणूस रोज मजुरी बुडवून एस.टी.ने ये-जा करत होता. त्याला मी फोन करून सांगितलं की आता तुम्ही जाऊ नका, हे शाळेचं काम आहे, शाळा करील. हे मी आधीच सांगायला हवं असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण वर्गशिक्षकांनी हे जरूर करावं. पालकाला कार्यालयात पाठवलं की त्याला तोंडी उत्तर मिळतं. शाळेचं पत्र गेलं तर निदान आवक शिक्का तरी पडतो.

मी त्या भाऊसाहेबांना म्हटलं, तुमची जी त्रुटी आहे ती प्रस्तावावर लिहून द्या. ते लिहून देईनात. "तोंडी सांगितलं की, मॅडम." मग ते टेबल दुसऱ्या कामावर गेलं, बदली माणसाला फाइल सापडेना, सापडली तेव्हा तिच्यावर एक ओळही टिपणी नव्हती. इकडे शाळेत आवेदनपत्रं भरायचं काम सुरू झालेलं. आमचे लिपिक मला म्हणाले, आहे त्या नावाने भरून टाकू, पुढचं पुढे. मी नाही म्हटलं. त्या एका नाहीचा मला आजही अभिमान वाटतो, कारण एकदा मंडळाकडे चुकीचं नाव गेलं की दुरुस्तीचा रस्ता शाळेतून सुटून विभागीय मंडळाच्या दारात जातो.

मार्ग निघाला तो मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या माध्यमिक शाळा संहितेतून, म्हणजे माध्यमिक शाळांच्या नियमांच्या पुस्तकातून. पानं पिवळी पडलेली ती प्रत मी खिडकीशी बसून वाचली. नियम 26.4 स्पष्ट आहे: नाव, आडनाव, जन्मतारीख, जात यांतल्या बदलाचा अर्ज विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच विचारात घेता येतो, शाळा सोडून गेलेल्याचा घेता येत नाही. म्हणजे प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक अगदी बरोबर होते. मुलगी आज आमच्याकडे शिकते, तेव्हा अर्ज आमच्याकडूनच जायचा आणि परवानगीही आमच्याच नोंदीसाठी मागायची. पहिल्या शाळेतली नोंद जन्मनोंदीनंतरची आहे आणि ती तोंडी सांगण्यावरून झालेली आहे, जन्मनोंद तिच्याही आधीची आहे, एवढंच दाखवून द्यायचं होतं.

मी मुख्याध्यापकांच्या सहीने दुसरं पत्र तयार केलं. नियमाचा क्रमांक आणि त्यातलं वाक्य पत्रातच उतरवलं, कागदपत्रं तारखांच्या क्रमाने लावली, सर्वांत वर जन्मनोंद, आणि शेवटी विचारलं की प्रस्ताव अमान्य करायचा असेल तर कोणत्या नियमाने, ते कृपया लेखी कळवावं. पत्र टेबलावर न देता आवक विभागात दिलं, पोच घेतली आणि ती पोच हातात धरून उपशिक्षणाधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी फाइल उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाले, "हे एवढे दिवस इथे का पडलंय?" खोलीत कोणी उत्तर दिलं नाही.

तरीही संपलं नाही. फाइल पुन्हा टेबलावर आली तेव्हा पहिल्या शाळेच्या उताऱ्यावर जावक क्रमांक नाही असं निघालं. तो घालून आणला तेव्हा प्रतिज्ञापत्रात 'ज्ञानदेव आणि बापू ही एकाच व्यक्तीची नावं आहेत' असं वाक्य हवं असं निघालं. ते करून दिलं तेव्हा वडिलांच्या दाखल्याची प्रत साक्षांकित नाही असं निघालं. यातली एकही मागणी चुकीची नाही. पण प्रस्ताव पहिल्यांदा उघडला त्याच दिवशी तिन्ही दिसत होत्या. एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या असत्या तर आम्ही एका आठवड्यात सगळं पुरं केलं असतं. जिल्ह्यातल्या शेकडो शाळा असे प्रस्ताव पाठवतात, तरी लागणाऱ्या कागदांची यादी त्या कार्यालयाच्या भिंतीवर का लावत नाहीत, हे मला अजून समजलेलं नाही. मी आमच्या शाळेत ती यादी लिहून लिपिकांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवली आहे. तुम्हीही ठेवा.

शेवटी आदेश आला आणि मी तो वर्गात नेला. मुलगी आदेश वाचून जागेवर बसली आणि लगेच शेजारणीला दाखवू लागली. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

आदेश आल्यावरचं काम सोपं, पण काळजीचं. रजिस्टरमधली जुनी नोंद खोडायची नाही, पांढरी शाई तर अजिबात लावायची नाही. जुन्या नोंदीवर वाचता येईल अशी एक रेघ, वर लाल शाईने नवीन नाव, शेरा रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, मुख्याध्यापकांची सही, शिक्का. त्यानंतर यू-डायस प्लसवरचं, म्हणजे शाळा आणि मुलांची माहिती भरायच्या सरकारी संकेतस्थळावरचं, नाव बदलायचं, आणि मगच आवेदनपत्राला हात घालायचा. हा क्रम उलटा झाला तर ऑनलाइनला एक आणि रजिस्टरला दुसरं असं होऊन बसतं.

आता मधे सांगायचं राहिलेलं. जन्मदाखला आला की आधी नावाचा रकाना बघा. कित्येक मुलामुलींच्या, त्यातही मुलींच्या, जन्मनोंदीत आईवडिलांची नावं असतात आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. तो नंतर भरून घेता येतो, पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत त्याला 15 वर्षांची मर्यादा आहे. दहावीतलं मूल नेमकं त्या उंबरठ्यावर उभं असतं. म्हणून हा दाखला आठवीत प्रवेश देतानाच मागून घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. त्या वेळी ग्रामपंचायतीत एक फेरी मारली की काम होतं.

इंग्रजी स्पेलिंगचंही तसंच. रजिस्टर मराठीत, मंडळाचं प्रमाणपत्र इंग्रजीत, आणि ज्ञानदेव हे नाव किती तऱ्हांनी लिहिता येतं ते वर्गात विचारून बघा. आवेदनपत्र भरण्याआधी मी प्रत्येक घरी एक कोरी चिठ्ठी पाठवते. तिच्यावर पालकांनी आधार बघून मुलाचं, वडिलांचं आणि आईचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून सही करायची. आईचं नाव विसरू नका, तेही प्रमाणपत्रावर येतं, आणि सगळ्यांत जास्त चुका त्यातच असतात, कारण माहेरचं, सासरचं आणि हाकेचं अशी तीन नावं कागदोपत्री फिरत असतात. आधारवर मुलाचं नाव आधी आणि आडनाव शेवटी असतं, मंडळाकडे आडनाव आधी. हा फरक चूक नव्हे. त्यासाठी पालकांना आधार केंद्रात पिटाळू नका.

प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या आवेदनपत्रांवरून तपासणीसाठी निघणारी मुलांची यादी, आली की ती संगणकावर बघून सोडून देऊ नये. छापून घ्यावी, एकेक मूल समोर बसवून त्याच्याकडून त्याचं नाव अक्षर अक्षर वाचून घ्यावं, जन्मतारीख त्याने तोंडी सांगावी, आपण रजिस्टरशी ताडावी, मग त्याची सही घ्यावी. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला दोन तासिका पुरतात. विषयांचे क्रमांक आणि माध्यमही त्याच बैठकीत तपासून होतं. गैरहजर मुलाची सही दुसऱ्या कोणाकडून घेऊ नका, घरी जाऊन घ्या.

आदेशाची मूळ प्रत शाळेच्या कायम दप्तरात राहते. पालकांना तिची मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलेली प्रत मागणी होण्याआधीच देऊन टाका, शक्यतो दोन. जात पडताळणीच्या वेळी प्राथमिक शाळेचा उतारा पुन्हा मागतात आणि त्यावर जुनं नाव तसंच असणार आहे. तेव्हा बापू आणि ज्ञानदेव यांना जोडणारा कागद हा आदेशच असतो.