साल लिहिल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही

मी न्यू जर्सीत एका ज्यू शाळेत नोकरी करते म्हटलं की घरून ठरलेला प्रश्न येतो, "तुला कसं काय घेतलं गं तिथं?" मी धर्म शिकवत नाही. शिक्षकांना वर्गात कॉम्प्युटर कसा वापरायचा ते दाखवते, मुलांची क्रोमबुकं सांभाळते, प्रोजेक्टर रुसला की त्याची समजूत काढते. त्या कामासाठी कुठल्या देवाला मानता हे कुणी विचारत नाही. डब्याचं मात्र विचारतात. घरी शिजवलेलं काहीही शाळेत न्यायचं नाही. माझे पोहे कितीही शाकाहारी असले तरी माझं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे, नाही, विषय संपला. म्हणून मी न चिरलेली फळं नेते आणि 'ओयू'चं, म्हणजे आतलं कोशर असल्याचं, चिन्ह असलेली पाकिटं. पोह्यांची हौस संध्याकाळी एडिसनला घरी आल्यावर.

शाळेचा दिवस लांबलचक असतो, कारण त्यात दोन शाळा कोंबलेल्या असतात. अर्ध्या दिवसाला 'जुडाइक्स' म्हणतात: तोराह (मोशेंचे पाच ग्रंथ), मिश्ना (तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह), ताल्मुद (मिश्ना आणि त्यावरची चर्चा), हिब्रू, ज्यू इतिहास. उरलेला अर्धा दिवस गणित, विज्ञान, इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास. जुडाइक्स शिकवणाऱ्या बाईंना मुलं 'मोरा' म्हणतात, पुरुष शिक्षकांना 'रब्बाय'. माझं सगळ्यात जास्त जाणं-येणं या मोरा आणि रब्बायांच्या वर्गात असतं आणि त्यातही हल्ली टाइमलाइनच्या, म्हणजे घटना सालाप्रमाणे ओळीने मांडणाऱ्या पडद्यावरच्या पट्टीच्या, कामासाठी.

या विषयाला टाइमलाइन का लागते ते ताल्मुदचं पान पाहिल्यावर कळतं. मधोमध मूळ मजकूर. आधी मिश्नातला उतारा, म्हणजे साधारण इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेला, आणि त्याखाली पुढच्या तीन-चारशे वर्षांतली त्यावरची चर्चा. आतल्या बाजूच्या समासात राशी या भाष्यकाराची टीप. राशी फ्रान्समधल्या त्र्वा गावचे, 1040 ते 1105. बाहेरच्या समासात त्यांच्या नातवांनी आणि त्यांच्या शिष्यांनी राशींशी घातलेला वाद. ही मांडणी पक्की झाली ती व्हेनिसमध्ये 1520 ते 1523 या काळात, दानिएल बॉमबर्ग नावाच्या ख्रिस्ती छापखानेवाल्याने पूर्ण ताल्मुद छापला तेव्हा. पुढच्या आवृत्त्यांमध्ये कडेकडेने आणखी भाष्यं येत गेली. दीड हजाराहून जास्त वर्षांची माणसं एका पानावर दाटीवाटीने बसलेली, आणि बोलतात सगळी वर्तमानकाळात: "हिलेल म्हणतात", "राशी म्हणतात".

सातवीतल्या मुलांना मग वाटतं की मिश्नातले हिलेल आणि राशी एकमेकांचे शेजारी असावेत. प्रत्यक्षात हिलेलपासून राशींपर्यंत साधारण हजार वर्षं जातात आणि राशींपासून आपल्यापर्यंत जवळजवळ तेवढीच. हे फळ्यावर कितीही वेळा सांगा, डोक्यात बसत नाही. पडद्यावर बोटाने सरकवत न्यायला लागलं, बोट दुखलं, तरी राशी येईनात, की मग बसतं. राम्बाम आणि राम्बान या दोन विद्वानांच्यात तर मोठी माणसंही घोटाळा करतात. पहिले कॉर्डोबात जन्मले आणि 1204 साली इजिप्तमध्ये वारले. दुसरे स्पेनमधल्या जिरोनाचे, त्यांचा जन्म 1194चा. पट्टीवर एक संपत असताना दुसरा नुकताच सुरू झालेला दिसतो, आणि मग दुसऱ्याने पहिल्याशी केलेला वाद हा गेलेल्या माणसाशी केलेला वाद आहे हे मुलांना आपोआप दिसतं.

लहान वर्गांना आम्ही पॅडलेट या वेबसाइटची टाइमलाइन देतो. चित्र टाका, दोन ओळी लिहा, झालं. सहावीच्या पुढे टाइमलाइनजेएस. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने बनवलेलं हे साधन फुकट आहे, आणि मला ते आवडतं कारण ते दिसायला अगदी रुक्ष आहे. गूगल शीट्सचा एक नमुना उघडायचा, एका घटनेला एक ओळ. रकाने ठरलेले: साल, महिना, दिवस, मथळा, मजकूर, चित्राची लिंक, श्रेय. शीट 'पब्लिश' करायची, तिची लिंक त्यांच्या पानावर चिकटवायची, आणि सरकणारी देखणी पट्टी तयार. इसवी सनापूर्वीचं साल असेल तर आकड्याआधी उणे चिन्ह. वीसच्या वर स्लाइड करू नका असं बनवणारेच सांगतात. सातवीच्या मुलांना ते सांगून उपयोग नसतो.

सगळी गंमत सालाच्या रकान्यात आहे. तो रिकामा ठेवला तर मथळ्याची पहिली स्लाइड सोडून कुठलीच ओळ उभी राहत नाही. "फार फार पूर्वी" चालत नाही, "सुमारे"ही चालत नाही, आकडा हवा. मोशे (मोझेस) इजिप्तमधून बाहेर पडले ते साल कोणतं? अब्राहाम कधीचा? जिथे परंपरा एक सांगते, संशोधक दुसरं सांगतात आणि काही संशोधक "असं काही घडलंच नसावं" म्हणतात, तिथे बारा वर्षांच्या मुलाला एका चौकटीत चार अंक टाकायला लावणं हा छळ आहे. पण उपयोगाचा छळ. आकडा टाकायचा म्हटलं की "हा कुठून आणलास?" हा प्रश्न शिक्षकाला विचारावाच लागत नाही, शेजारचं मूलच विचारतं.

याचं सगळ्यात अवघड उदाहरण म्हणजे जेरुसलेमचं पहिलं मंदिर. इतिहासाच्या पुस्तकात बाबिलोनच्या फौजेने ते पाडलं ते साल इ.स.पू. 586. आता परंपरेचा हिशोब पाहा. मंदिर पडल्यापासून दुसरं उभं राहीपर्यंत 70 वर्षं, दुसरं मंदिर टिकलं 420 वर्षं, एकूण 490. दुसरं मंदिर रोमनांनी पाडलं इ.स. 70 साली, यावर फारसा वाद नाही. पण 586 पासून मोजलं तर मधली वर्षं भरतात साडेसहाशेच्या वर. म्हणजे दोन हिशोबांत सुमारे 165 वर्षांची तफावत. ही वर्षं मुख्यतः इराणी राजांच्या काळातली: इतिहासकार त्या काळाला दोनशे वर्षं देतात, आणि 'सेदेर ओलाम' हा जुना कालगणनेचा ग्रंथ ती पन्नासेक वर्षांत आटोपतो. आणि आजही पत्रिकेवर, थडग्यावर, लग्नाच्या करारावर जे ज्यू साल लिहितात (2025च्या सप्टेंबरात 5786 सुरू झालं), ते याच परंपरेच्या मोजणीतून आलेलं.

आमच्या शाळेत सकाळी रब्बाय 3338 हे साल शिकवतात आणि दुपारी इतिहासाच्या बाई इ.स.पू. 586. वेगवेगळ्या वह्या असल्यामुळे इतकी वर्षं कुणाचं बिघडलं नव्हतं. एकाच शीटवर काम सुरू झालं आणि दोन ओळी समोरासमोर आल्या. 3338चं रूपांतर केलं तर इ.स.पू. 423च्या आसपासचं साल येतं, आणि एका मुलीने सरळ विचारलं, "मंदिर दोनदा पाडलं का?" शीटमध्ये 'ग्रुप' नावाचा एक रकाना असतो. त्यात नाव दिलं की पट्टीवर त्या गटाची वेगळी आडवी रांग तयार होते. आम्ही एका रांगेला 'परंपरा' म्हटलं, दुसरीला 'उत्खनन आणि शिलालेख', आणि मंदिर दोन्हीकडे ठेवलं. रब्बायांनी आढेवेढे घेतले नाहीत, याचं मला नवल वाटलं. त्यांचं म्हणणं, हा प्रश्न मुलांना अठराव्या वर्षी कॉलेजात कुणीतरी विचारणारच आहे, तर तो बाराव्या वर्षी माझ्यासमोर विचारलेला बरा. सगळे पालक या मताचे नव्हते. ते बोलणं मुख्याध्यापकांच्या खोलीत झालं, मी बाहेर होते.

महिन्यांचं त्यामानाने सोपं. ज्यू महिने चंद्राचे, आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 वेळा अदार महिना दोनदा येतो. अधिक मास घरात ऐकलेल्या बाईला हे समजायला मिनिटही लागत नाही. स्टाफरूममध्ये गणिताच्या अमेरिकन शिक्षकाला ते मीच समजावलं, आणि तेवढ्यापुरता माझा भाव वधारला.

पण सरळ रेष ही या परंपरेची सवयच नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. आव महिन्याची नवमी घ्या. दोन्ही मंदिरं त्याच तिथीला पडली असं परंपरा सांगते, 1492ची स्पेनमधली हकालपट्टीही त्याच दिवसाशी जोडते, आणि एका उपासात सगळ्यांचा शोक होतो. तोराहमध्ये "आधीचं-नंतरचं असं काही नसतं" हा तर ताल्मुदमधला अर्थ लावण्याचा मान्य नियमच आहे. टाइमलाइन शिकवणाऱ्यानं ऐकावं असं वाक्य! त्यावर कडी म्हणजे मेनाखोत या भागातली कथा. मोशे देवाला विचारतात, अक्षरांना हे छोटे मुकुट कशाला लावतोस? देव म्हणतो, पुष्कळ पिढ्यांनंतर अकिवा नावाचा एक माणूस यांतून ढीगभर नियम काढणार आहे. मला दाखव, म्हणतात मोशे. आणि ते अकिवांच्या वर्गात आठव्या रांगेत जाऊन बसतात. शिकवलेलं काही कळत नाही, जीव खालीवर होतो. शेवटी एक शिष्य विचारतो, "हे तुम्हाला कुठून कळलं?" अकिवा म्हणतात, "हा सिनायवर मोशेला मिळालेला नियम आहे." तेव्हा कुठे मोशेंच्या जिवात जीव येतो.

एका मुलाने ही कथा इ.स. 130 च्या, म्हणजे अकिवांच्या काळातल्या, ओळीत टाकली, पात्रांत मोशेंचं नाव लिहून. त्याच्या गटातल्यांनी ओळ खोडायला घेतली. मोरा म्हणाल्या, राहू दे. माझ्या मते त्या वर्षीची सगळ्यात चांगली स्लाइड तीच होती. पट्टी सरळ असल्यामुळेच ती ओळ खटकत होती, आणि खटकली म्हणून सगळ्यांनी ती वाचली.

आता आपल्याकडचं. सातवीला एक प्रकल्प असतो, जगातल्या एका ज्यू समाजाची टाइमलाइन करायची. येमेन, बगदाद, सलोनिका. एका गटाने बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज, निवडला आणि मोरा माझ्याकडे आल्या, कारण त्यांना सापडलेल्या चित्रावरची लिपी मला वाचता येईल असा त्यांचा कयास होता. ते 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादाचं पान होतं. हग्गादा म्हणजे पेसाख या सणाच्या रात्री जेवणाच्या टेबलावर वाचायची पोथी. बाजूला हिब्रू, त्याचं मराठी, आणि चित्रात लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरीची तयारी करताहेत. युरोपातल्या हग्गादांची चित्रं पाहून वाढलेली मुलं त्या पानाभोवती गोळा झाली. मी मराठी मोठ्याने वाचलं. हिब्रू त्यांनी वाचलं. शिकवणारं कुणीच नव्हतं त्या दहा मिनिटांत.

मग ओळी भरायला घेतल्या आणि पुन्हा तोच रकाना. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही समाजाची स्वतःची कथा. साल? कुणी इ.स.पू. दुसरं शतक म्हणतं, कुणी त्याच्या कितीतरी नंतरचं. शीटमध्ये 'डिस्प्ले डेट' म्हणून आणखी एक रकाना आहे, त्यात लिहाल ते पडद्यावर दिसतं आणि आकडा मागे लपतो. मुलांनी आकडा उणे 175 ठेवला आणि वर लिहिलं, "समाजाच्या आठवणीप्रमाणे". पुढचं सोपं होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. गावावरून आडनावं: केहीमकर, रोहेकर, पेणकर. कंपनी सरकारच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि त्यांनी 1796 साली मुंबईत मांडवीला बांधलेलं सिनेगॉग. पुण्याचं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, मुलांनी याच रांगेत टाकलं होतं. ते 1867चं, पण बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूनचं, म्हणून त्याला वेगळी रांग करावी लागली. भारतातले ज्यू म्हणजे एकच समाज नव्हे, हे मुलांना त्या रांगेमुळे समजलं.

शेवटच्या ओळींपैकी एक 1964ची होती. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल लोकांच्या लग्नांवरून तिथल्या धर्मपीठाने शंका काढल्या, त्यांनी आंदोलन केलं, आणि ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं सरकारला जाहीर करावं लागलं. धार्मिक शाळेत ही स्लाइड ठेवायची की नाही यावर थोडी चुळबुळ झाली. मोरांनी ठेवली. मी काही बोलले नाही, पण मला बरं वाटलं.

दुसऱ्या एका गटाला राम्बामच्या चरित्रात भारत सापडला. त्यांचा धाकटा भाऊ दावीद जवाहिराचा व्यापार करायचा. भारताकडे निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. त्याने वाटेत तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरून भावाला लिहिलेलं पत्र कैरोच्या गनिझात मिळालं. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून जुने कागद साठवण्याची ती सिनेगॉगमधली खोली. आमच्या झेरॉक्स मशीनशेजारीही त्यासाठी एक खोकं असतं, भरलं की पुरायला जातं. टाइमलाइन पडद्यावर गेल्यापासून ते हळू भरतं. पडद्यावरचं पुसलं तर चालतं, असं बहुतेक रब्बाय मानतात.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, तुमच्याकडे कुणी शिक्षक हे वापरणार असतील तर. पट्टी दिसते ती मुलाच्या शीटमधून. मूल आठवी पास होऊन गेलं, शाळेने त्याचं खातं बंद केलं, की शीट जाते आणि सुंदर टाइमलाइनच्या जागी कोरी चौकट उरते. म्हणून जून लागायच्या आत सगळ्या शीटच्या प्रती शिक्षकांच्या खात्यात करून, पुन्हा पब्लिश करून, लिंका बदलून ठेवाव्या लागतात. सध्या माझं तेच चाललंय.