आमची वाटचाल : कोड सगळ्यांचा, देखभाल आमची

पुण्यात बसून सहकारी बँका, साखर कारखाने आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची लॉगिनं सांभाळणं हा आमच्या फर्मचा धंदा. डिरेक्टरीसाठी, म्हणजे खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीसाठी, ओपनएलडीएपी; सिंगल साइन-ऑनसाठी, म्हणजे एकाच लॉगिनवर सगळं उघडावं यासाठी, कीक्लोक; आणि या दोघांना पगाराच्या सॉफ्टवेअरशी जोडणारा आमचा स्वतःचा कनेक्टर, एवढा आमचा माल. कनेक्टर रोज रात्री पगाराच्या टेबलमधून कर्मचाऱ्यांची यादी उचलतो, डिरेक्टरीशी ताडून बघतो, नव्यांची खाती उघडतो, बदली झालेल्यांचे ग्रुप बदलतो, निवृत्तांची खाती बंद करतो. तो पहिल्यापासून अपाची २.० परवान्याखाली खुला आहे (कोड कोणीही वाचू, बदलू, वापरू शकतो) आणि आजही आहे. तो कोणी लिहिला हे मात्र बाजारात बऱ्याच जणांना ठाऊक नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्सच्या ओपनएसएसओ या सिंगल साइन-ऑन सॉफ्टवेअरवर झाली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन घेतली आणि ओपनएसएसओचं पुढं काय, हा प्रश्न उभा राहिला. कोड सीडीडीएल या मुक्त परवान्याखाली खुला होता, म्हणून फोर्जरॉक कंपनीनं तोच ओपनएएम या नावानं पुढं नेला आणि आमच्यासारख्यांची दुकानं चालू राहिली. २०१६ च्या अखेरीस तिथंही नवा कोड खुला येणं थांबलं. रेड हॅटचं कीक्लोक २०१४ मध्ये आलं होतं आणि तोवर चांगलं पक्कं झालं होतं, तेव्हा सगळे ग्राहक तिकडं हलवले. एप्रिल २०२३ मध्ये ते सीएनसीएफ या ना-नफा संस्थेकडं गेलं तेव्हा कुठं हायसं वाटलं. खुलं सॉफ्टवेअर निवडताना लोक परवाना वाचतात आणि थांबतात. नाव, रेपॉझिटरी (कोडचं कोठार) आणि रिलीजच्या चाव्या एकाच कंपनीच्या हातात आहेत का, हेही विचारा. परवान्यामुळं आजवरचा कोड आपल्याकडं राहतो. उद्याच्या दुरुस्त्या मिळतीलच असं नाही.

आमचे पहिले ग्राहक सांगली जिल्ह्यातल्या एका बँकेच्या ईडीपी (संगणक) विभागाचे प्रमुख. बँकेत सगळे त्यांना भाऊ म्हणतात, आम्हीही. कनेक्टरमधल्या सगळ्यात मोलाच्या दोन गोष्टी भाऊंच्या आग्रहातून आल्या.

पहिली म्हणजे लॉगिन-आयडी माणसाच्या नावावरून काढायचा नाही, कर्मचारी क्रमांकच घ्यायचा. एका तालुक्यात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखं असलेले दोन कारकून सहज निघतात. लग्नानंतर आडनाव बदलतं. आयडी आडनावावर असेल तर डिरेक्टरीतला डीएन, म्हणजे नोंदीचा पूर्ण पत्ता, बदलावा लागतो आणि त्या डीएनवर विसंबलेली जुनी अॅप्लिकेशनं त्या बाईंना ओळखेनाशी होतात. शिवाय एलडीएपी या डिरेक्टरीच्या मानकात माणसाच्या नोंदीचा जो ‘पर्सन’ ऑब्जेक्ट क्लास (नमुना) आहे, त्यात आडनाव सक्तीचं आहे. काहीजण आडनाव लावतच नाहीत, त्यांची नोंद ‘ऑब्जेक्ट क्लास व्हायोलेशन’ म्हणून परत येते. आम्ही अशा ठिकाणी पूर्ण नाव भरतो. पुढच्या अॅप्लिकेशननी ओळख म्हणून लॉगिननंतर कीक्लोक देतं त्या टोकनमधला ‘सब’ (युजरचा कायमचा आयडी) साठवायचा, ईमेल कधीही नाही.

दुसरी म्हणजे ब्रेक. भाऊंनी विचारलं, “पगाराच्या सर्व्हरनं अर्धीच यादी दिली तर तुमचं यंत्र काय करेल?” क्वेरी मध्येच टाइमआउट होते, एखाद्या शाखेचा डेटा पोस्ट व्हायचा राहतो, फाइल अर्धवट उतरते. साध्या सिंकला (दोन याद्या जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटतं की उरलेली माणसं नोकरी सोडून गेली. म्हणून कनेक्टर आधी फाइलमधल्या ओळी मोजून शेवटच्या ओळीत लिहिलेल्या संख्येशी ताडतो. मग, एका रात्रीत बंद होणारी खाती एकूण खात्यांच्या २ टक्क्यांहून किंवा २५ हून जास्त भरत असतील, यातला कमी असेल तो आकडा धरून, तर काहीही न बदलता थांबतो आणि मेल पाठवतो. मोठ्या बदल्यांच्या दिवशी माणसानं मंजुरी द्यायची, मगच पुढं. आणि खातं बंद करायचं, पुसायचं नाही. निदान ९० दिवस तरी नाही. कीक्लोकमधून युजर पुसला की त्याचा अंतर्गत आयडी जातो. तोच माणूस परत आला तर नव्या आयडीनं येतो आणि त्याचे जुने हक्क, जुन्या नोंदी त्याच्याशी जुळत नाहीत.

पुढची काही वर्षं चांगली गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मग एका मोठ्या सिस्टिम इंटिग्रेटर (वेगवेगळं सॉफ्टवेअर जोडून बसवून देणाऱ्या) कंपनीनं आमचा कनेक्टर उचलला. उचलायला हरकत नव्हती. अपाची परवाना विकायलाही मुभा देतो, पैसे मागत नाही. पण त्याचं चौथं कलम स्पष्ट सांगतं: परवान्याची प्रत द्या, बदललेल्या फाइलींवर तसं लिहा, स्वामित्वाच्या ओळी आणि नोटीस फाइल काढू नका. त्यांनी पॅकेजची नावं बदलली, आमच्या ओळी पुसल्या, वर स्वतःचा लोगो लावला आणि दर युजरमागं वार्षिक फी लावून आमच्याच बँकांना विकायला काढला.

आमचाच कोड कशावरून? त्यांच्या स्क्रीनवर कर्मचाऱ्याच्या स्थितीची यादी होती: कायम, हंगामी, रजेवर, निलंबित, निवृत्त. यातला ‘हंगामी’ आम्ही साखर कारखान्यासाठी घातला होता. गाळप संपलं की हंगामी कामगाराचं खातं थांबवायचं आणि पुढच्या हंगामात त्याच आयडीवर चालू करायचं, एवढ्यासाठीच तो पर्याय आहे. बँकेत हंगामी कारकून नसतो. बँकेसाठी म्हणून जे लिहिलं त्यात हा पर्याय येईलच कशाला?

निविदेत उलाढालीची अट अशी होती की आमची फर्म दारातच अडली. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाले, तेच. आमच्या निम्म्या बँका गेल्या. वकिलामार्फत नोटीस धाडली. पुढच्या आवृत्तीत एका आतल्या फोल्डरमध्ये आमच्या नावाची एक टेक्स्ट फाइल ठेवली गेली, बस. त्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी मात्र आमच्याच रेपॉझिटरीत येत राहिल्या, आणि वर ‘तातडीचं’ असं लिहून.

त्यांनी उचललेली आवृत्ती ब्रेक येण्याआधीची होती. एका बँकेत अर्धी फाइल आली आणि सकाळी शाखांमध्ये लॉगिनच होईना. फोन आम्हाला आला. त्याही दिवशी आम्ही पायऱ्या सांगितल्या, कारण काउंटरवर उभ्या असलेल्या खातेदारांचा यात काही दोष नव्हता. पुढच्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून इथं देतो. आधी कनेक्टरचं वेळापत्रक बंद करा, नाहीतर तुम्ही उघडलेली खाती तो पुन्हा बंद करेल. पूर्ण बॅकअप चढवू नका. सकाळपासून ज्यांनी पासवर्ड बदलले त्यांचे बदल जातील. बंद खात्यावर ‘पीडब्ल्यूडी-अकाउंट-लॉक्ड-टाइम’ या गुणधर्मात ०००००१०१००००झेड ही किंमत असते, म्हणजे कायमचं कुलूप. रात्री स्लॅपकॅटनं (सगळी डिरेक्टरी फाइलीत उतरवणाऱ्या कमांडनं) काढलेल्या फाइलशी तुलना करा आणि ज्यांना रात्री कुलूप नव्हतं पण आता आहे, तेवढ्यांचाच हा गुणधर्म काढा. सरसकट काढलात तर निलंबित माणसंही आत येतात.

याच काळात एका मोठ्या ग्राहकाकडं आमची एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) बिलं अडकली. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मग देखभालीचे पैसे कसले, हा सूर तिथून सुरू झाला. आम्ही बिल काढलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. पगार त्याआधीच द्यायचे असतात. फर्म बंद करायचा विषय निघाला होता. तेव्हा भाऊंनी त्यांच्या संचालक मंडळापुढं टिपण ठेवून पुढच्या वर्षाची एएमसी आगाऊ मंजूर करून घेतली. टिपणात त्यांनी लिहिलं होतं की हा कोड दुरुस्त करणारी माणसं उद्या राहिली नाहीत तर बँकेला तो स्वतः वाचावा लागेल. असं लिहिणारा ग्राहक आम्हाला दुसरा मिळाला नाही.

छोट्या फर्मवाल्यांनी एवढं कराच. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घेण्याआधी करा. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे करारात पैसे देण्याची कितीही लांबची मुदत लिहिली तरी ४५ दिवसांच्या पुढं जाता येत नाही; करारच नसेल तर १५ दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. आयकर कायद्यात तशी तरतूद आल्यापासून (१९६१ च्या कायद्यात ती ४३बी कलमाच्या एच खंडात आली) मुदतीत न दिलेली आणि मार्चअखेरही थकलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, म्हणून मार्चच्या आत त्यांच्या सीएला ही तरतूद आठवणीनं कळवा. आणि प्रकल्पाच्या नावाचा ट्रेडमार्क घ्या. अपाची परवाना नावाचा हक्क देत नाही, पण नाव नोंदलेलं नसेल तर भांडायचं कशावर? सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये, सेवा वर्ग ४२ मध्ये. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागं ४,५०० रुपये. आम्ही दोन्ही घेतले.

आता नियोजनाचं. एएमसीच्या प्रत्येक रकमेतला पाचवा हिस्सा आम्ही मूळ प्रकल्पाच्या देखभालीला बाजूला काढतो, ग्राहकाच्या कामाला तो वापरत नाही. कीक्लोकच्या मुक्त आवृत्तीत दुरुस्त्या फक्त सगळ्यात नव्या आवृत्तीला मिळतात, त्यामुळं ‘एकदा बसवलं, आता पाच वर्षं बघायला नको’ हे इथं चालत नाही. २०२२ मध्ये आवृत्ती १७ पासून कीक्लोक ज्या पायावर चालतं त्या वाइल्डफ्लायच्या जागी क्वार्कस आलं आणि वेब-पत्त्यातला ‘/ऑथ’ गेला. बँकांच्या अॅप्लिकेशनमध्ये तो पत्ता हातानं लिहिलेला असतो. रिलेटिव्ह पाथची सेटिंग देऊन जुना पत्ता टिकवला तर एकाही अॅप्लिकेशनला हात लावावा लागत नाही. आवृत्ती २४ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या (पासवर्ड न उलगडणाऱ्या रूपात साठवण्याच्या) फेऱ्या २७,५०० वरून २,१०,००० वर गेल्या, अल्गोरिदमही बदलला, आणि जुना हॅश माणूस पुढच्या वेळी आत येतो तेव्हाच नव्यानं होतो. म्हणजे अपग्रेडनंतरच्या पहिल्या कामाच्या सकाळी, सगळ्या शाखा उघडत असताना, सीपीयूवर बराच जास्त भार. अपग्रेड शनिवारी रात्री करा आणि सोमवारपुरते कोअर वाढवून ठेवा. टेबलमध्ये ३ लाखांहून जास्त ओळी असतील तर अपग्रेडच्या वेळी कीक्लोक नवा इंडेक्स (शोध वेगानं व्हावा म्हणूनची सूची) आपोआप करत नाही, फक्त एसक्यूएल लॉगमध्ये लिहून सोडून देतं. ती ओळ कोणी वाचत नाही आणि महिन्याभरानं ‘नवी आवृत्ती हळू आहे’ अशी तक्रार येते.

ओपनएलडीएपीत एमडीबीची, म्हणजे त्याच्या डेटाबेसची, कमाल मर्यादा मुळात १० एमबी आहे; ती बसवतानाच काही जीबीवर न्या, कारण पासवर्ड-पॉलिसी चालू असली की प्रत्येक चुकलेला प्रयत्नही डिरेक्टरीत लिहिला जातो. स्लॅपअॅड (फाइलीतून डिरेक्टरी भरणारी कमांड) रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालवलात तर फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि स्लॅपडी, म्हणजे खुद्द सर्व्हर, उठत नाही. मालकी बदला, मग सुरू करा. आमचे भागीदार आजही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच करायला लावतात: स्लॅपकॅट, रिकामा सर्व्हर, स्लॅपअॅड, मालकी, सुरू.

घड्याळाकडं दुर्लक्ष नको. ओटीपीची खिडकी ३० सेकंदांची असते, कर्बेरॉस ही तिकिटांवर चालणारी लॉगिन पद्धत ५ मिनिटांचा फरक झाला की तिकीट नाकारतं, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वेळ एनआयसी (सरकारी संगणक केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी जुळलेली हवी, लॉग १८० दिवस ठेवलेले हवेत, सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायला हवी. लॉग कीक्लोकच्या डेटाबेसमध्येच साठवू नका, तो फुगतो, बाहेर पाठवा.

रिलीजवर आमच्याकडं दोन सह्या लागतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघडकीला आलं, तिथं एकट्या, थकलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास हळूहळू मिळवून मागचं दार बसवलं होतं. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे अँड्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं म्हणून ते सापडलं. तेव्हापासून बिल्ड (कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्रॅम) एकानं करायचा, दुसऱ्यानं वेगळ्या मशिनवर तोच बिल्ड करून ताडायचा, मगच सही.

पुढच्या आवृत्तीत ब्रेकची मर्यादा शाखानिहाय लावता येईल, म्हणजे एका शाखेची अख्खी यादी गळाली तरी एकूण टक्केवारीत ती लपणार नाही. चाचणीसाठी फाइली हव्या आहेत. खरी नावं अजिबात पाठवू नका. कर्मचारी क्रमांक बदला, नावांच्या जागी बनावट नावं घाला, पण शाखा, स्थिती आणि तारखांची रचना तुमचीच ठेवा, आणि आडनाव नसलेल्या निदान दोन-तीन ओळी त्यात असू द्या. भाऊंच्या बँकेची फाइल आली आहे.