दाबमापक दहा बारच दाखवत होता

अमोनिया तयार करणाऱ्या कारखान्यात संश्लेषणाच्या चक्रातून जो वायू सतत बाहेर काढावा लागतो, त्यात साधारण ६० टक्के हायड्रोजन असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो इंधन म्हणून जाळला जातो. हा हायड्रोजन मिश्रधातूच्या साहाय्याने परत मिळवता येईल का, हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी एका खत कारखान्यातील अभियंते भोसरीतील आमच्या प्रयोगशाळेत आले होते.

आमच्या पात्रात लँथॅनम आणि निकेल यांच्या १:५ मिश्रधातूची भुकटी होती. ती हायड्रोजन शोषते आणि नायट्रोजन व मिथेन यांना दाद देत नाही. साध्या तापमानाला शोषणाचा समतोल दाब, म्हणजे हायड्रोजनचा दाब ज्याच्या खाली गेला की शोषण थांबते तो, सुमारे २ बार असतो. शोषताना भुकटी जवळजवळ चतुर्थांशाने फुगते, त्यामुळे पात्र काठोकाठ भरता येत नाही. शुद्ध हायड्रोजन दिला की हे पात्र काही मिनिटांत तृप्त होत असे. त्या दिवशी मात्र ६० टक्के हायड्रोजन आणि बाकी नायट्रोजन व मिथेन असे मिश्रण १० बार दाबाने सोडले, तेव्हा भुकटीचे तापमान झपाट्याने चढले आणि मग शोषण अर्ध्यावरच थांबले. दाबमापक दहा बारच दाखवत होता.

आमच्या तरुण सहकाऱ्याला पहिला संशय आला तो कार्बन मोनॉक्साइडचा, आणि तो अनाठायी नव्हता, कारण हा वायू अत्यल्प प्रमाणात असला तरी कणांच्या पृष्ठभागाला चिकटून हायड्रोजनची वाट अडवतो. तसे असते तर भुकटी शुद्ध हायड्रोजनमध्ये १०० अंशांच्या वर तापवून पूर्ववत करावी लागली असती आणि पाहुण्यांना त्या दिवशी तरी हात हलवत परत जावे लागले असते. दुसरी शक्यता उष्णतेची होती. शोषणात दर मोल हायड्रोजनमागे सुमारे ३० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, भुकटीतून ती सहज निघत नाही, आणि तापलेल्या भुकटीचा समतोल दाब वाढतो. परंतु भुकटीचे तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचा आकडा पात्राभोवतीच्या थंड पाण्याच्या तापमानाला येऊन टेकला, तरी शोषण पुन्हा सुरू झाले नाही.

“साहेब, मागची झडप जरा उघडून बघू का?” आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ काका म्हणाले. त्यांनी ती किंचित उघडताच तापमानाची रेषा पुन्हा वर सरकू लागली. पृष्ठभाग खरोखरच विषबाधित झाला असता, तर झडप उघडल्याने हे घडले नसते. पात्राचे दुसरे टोक बंद असल्यामुळे हायड्रोजन शोषला जात होता आणि न शोषला जाणारा नायट्रोजन व मिथेन मात्र कणांभोवती साचत होता. दहा बारपैकी हायड्रोजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा एकट्याचा वाटा, दोनावर घसरला, की भुकटीच्या लेखी भोवतीचा वायू संपल्यासारखाच असतो. दाबमापकाला हा फरक कळण्याची सोय नाही.

मग मिश्रण वाहते ठेवून पात्र भरले, शोषलेला हायड्रोजन परत सुटावा म्हणून ८० अंशांचे पाणी फिरवले, रिकाम्या जागेत अडकलेला पहिला वायू सोडून दिला आणि नंतरचा नमुना वायूतील घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर घातला. नायट्रोजनचे शिखर जेमतेम दिसत होते. पाहुण्यांना मात्र शुद्धतेपेक्षा वाया जाणाऱ्या हायड्रोजनची चिंता अधिक होती, आणि कारखाना चालवणाऱ्याने तीच करावी. मी फळ्यावर हिशोब मांडला. बाहेर जाणाऱ्या वायूत किमान २ बार हायड्रोजन राहणारच, म्हणजे १० बारला २० टक्के. न शोषले जाणारे ४० भाग उरलेले ८० टक्के, म्हणजे त्यांच्यासोबत आलेल्या ६० भागांपैकी १० भाग निसटणार आणि फार तर ८३ टक्के हाती लागणार.

“आमच्याकडे तो वायू शंभर बारच्या वर असतो. दाब उतरवूनच आम्ही तो बाहेर देतो,” ते म्हणाले. तो ५० बारला घेतला, तर बाहेर जाणाऱ्या वायूतील हायड्रोजन ४ टक्क्यांवर येतो आणि हाती लागणारा ९७ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यांनी आकडे वहीत उतरवून घेतले आणि वायूतील अमोनिया आधी पाण्याने धुऊन काढल्यावर उरणारी ओल कशी काढणार, असे विचारले. ओलीने ही भुकटी हळूहळू निकामी होत असल्यामुळे पात्राच्या आधी ओल शोषणाऱ्या पदार्थाचा एक स्तंभ लावावा लागेल, आणि ५० बारसाठी पात्राच्या भिंतीचा हिशोबही नव्याने करावा लागेल, हे त्यांना त्याच वेळी सांगितले.