देव्हारा उभा, फोटो आडवा: माझा अनुभव

हौशी सुतारकामाच्या एका ऑनलाइन प्रदर्शनाला मी माझ्या देव्हाऱ्याचे फोटो पाठवले, त्याची ही हकीकत. देव्हारा करताना झाली नाही एवढी चिडचिड तो फॉर्म भरताना झाली आणि ती अजून पुरती उतरलेली नाही. तेव्हा सुतारकाम इथे थोडंच आहे, फोटोपुराण जास्त.

लाकूड जुन्या चौकटीचं सागवान. वरची काळपट कातडी रंध्याने निघाली की आतून काय सोनेरी निघतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका ठिकाणी आत मोडलेला खिळा होता, त्याने पात्याला खांडा पाडला. खाली छोटा ड्रॉवर आहे, त्याचे सांधे डोव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे, हाताने कापलेले. वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. सगळं काम बाल्कनीत, तेही सोसायटीच्या दुपारच्या शांततेच्या वेळा सांभाळून.

फोटो काढण्यात फार अडलं नाही. सकाळी खिडकीतून बाजूने येणारा उजेड, मागे इस्त्री केलेली पांढरी चादर, आणि घरातले सगळे दिवे बंद. दिवे बंद करणं महत्त्वाचं. पिवळ्या बल्बखाली फोन सागवानाला भगवं करून टाकतो आणि मग लोक विचारतात, कुठला स्टेन (लाकडाचा रंग) मारला? खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र असेल तर अर्धं लाकूड पिवळं, अर्धं निळसर. फोन देव्हाऱ्याच्या मध्यावर येईल इतका खाली धरायचा, दोन-चार पावलं मागे जायचं आणि २एक्स झूम करायचं. जवळून, फोन कलता धरून काढला की खांब एका टोकाला निमुळते दिसतात, आणि गुण्या लावून घेतलेल्या काटकोनाची अशी बदनामी मला सहन होत नाही. पॉलिशवर खिडकीचा पांढरा पट्टा पडत असेल तर कॅमेऱ्याशी खेळू नका, वस्तूच थोडी वळवा. सांध्याचा फोटो मात्र अगदी तिरप्या उजेडात काढा, कापाची रेघन्‌रेघ दिसते. लाकडाच्या रेषांना आडव्या फिरलेल्या ८० नंबरच्या खरखरीत पॉलिशपेपरचे ओरखडेही दिसतात, तेवढी तयारी ठेवा.

आता फॉर्म.

चार फोटो, जेपीजी, प्रत्येक १ एमबीच्या आत, लांब बाजू किमान १६०० पिक्सेल. मापं मिलिमीटरमध्ये. मी इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काम करते, ३० इंच ४ सूत म्हणजे ७७५ मिमी, असं एकेक करून सगळं बदललं. लाकूड, सांधा, फिनिश, कामाचं वर्णन भरलं. फोटो निवडले. छोट्या चौकटीत चारही फोटो छान उभे दिसले. ‘जमा करा’ दाबलं. फोटो १ एमबीपेक्षा मोठे आहेत, असं लाल अक्षरांत आलं आणि पूर्ण फॉर्म कोरा झाला. मापं गेली, वर्णन गेलं, सगळं गेलं. ज्याने हा फॉर्म बनवला त्याने तो स्वतः कधी भरला नसणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून आधीच सांगते: जे लिहायचं ते फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा आणि तिथून चिकटवा.

फोटो हलका करायला एक ॲप घेतलं. त्याने फोटो १ एमबीच्या आत बसवला खरा, पण डोव्हटेलच्या कडांभोवती किडमिडी जाळी आली. कारण साधं आहे. माझ्या फोनचा फोटो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा. तेवढे सगळे पिक्सेल ठेवून वजन उतरवायचं तर ॲप बारकावे खाणार. आधी लांब बाजू १६०० वर आणायची, मग दर्जा थोडा कमी करायचा. या क्रमाने केलं की सांधा सांध्यासारखा दिसतो.

तर हलके फोटो जमा झाले. पोचपावतीचं पान उघडलं आणि देव्हारा आडवा. चारही फोटोंत, डावीकडे कलंडलेला. सासूबाई मागून डोकावल्या. “अगं, देवांना झोपवलंस की काय?”

नियमांत ठळक अक्षरांत होतं की चुकीच्या दिशेचे फोटो बाद होतील. मदतीच्या पत्त्यावर लिहिलं. उत्तर आलं: “नमस्कार सर, कृपया फोन उभा धरून फोटो काढावा व पुन्हा पाठवावा.” मी लिहिलं, फोन उभाच धरला होता, माझ्याकडे फोटो उभाच दिसतो, तुमच्याकडे पोचल्यावर आडवा होतो, आणि मी सर नाही. त्यावर उत्तर: “सर, आपल्या फोनची सेटिंग तपासावी.” कुठली सेटिंग, ते नाही.

मग उपायांची रांग लागली. फोनच्या गॅलरीत फोटो फिरवून पाठवला: पुन्हा आडवा. उलट दिशेने फिरवून पाठवला, म्हणजे तिकडे जाऊन सरळ होईल: तरी आडवाच. इथे माझा तोल सुटत चालला होता. स्क्रीनशॉट घेतला, तो उभा राहिला, पण १६०० पिक्सेल भरेनात म्हणून परत. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, मला डॉक्युमेंट म्हणून पाठव, मी इथून भरतो.” त्याने भरला. आडवा. प्रत्येक वेळी निवडताना उभा, जमा केल्यावर आडवा, आणि दर वेळी फॉर्म कोरा. मुदत संपत आलेली. नवरा म्हणाला, “अगं, आडवाच देव्हारा करून पाठव, तिकडे उभा होईल.”

शेवटी गुपित फोडलं ते गिंप नावाच्या, फोटोवर काम करायच्या फुकट प्रोग्रॅमने. संगणकावर त्यात फोटो उघडला आणि त्याने सरळ विचारलं: या फोटोत दिशेची एक्झिफ नोंद आहे, त्याप्रमाणे फिरवू की मूळचाच ठेवू? दोन्ही चित्रं शेजारी दाखवली. मूळचं चित्र आडवं! मी फोन उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये आडवाच होता.

घडतं असं. फोनमधला सेन्सर एका जागी बसवलेला असतो, आपण फोन उभा धरला म्हणून तो काही वळत नाही. बहुतेक फोन चित्र सेन्सरच्या दिशेनेच साठवतात आणि फाइलला एक चिठ्ठी, म्हणजे तीच एक्झिफ नोंद, जोडतात: दाखवताना एवढं फिरवा. चिठ्ठीत १ ते ८ मधला आकडा असतो. १ म्हणजे आहे तसं, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. गॅलरी ती चिठ्ठी वाचते, ब्राउझर वाचतो, म्हणून निवडताना देव्हारा उभा. पण फॉर्मच्या मागची यंत्रणा फोटोची छोटी प्रत करताना चिठ्ठी न वाचताच फेकून देत होती. माझी गॅलरी ‘फिरवा’ म्हटल्यावर फक्त चिठ्ठीतला आकडा बदलत होती, चित्र जिथल्या तिथे. आणि भाच्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, म्हणजे मूळ फाइल चिठ्ठीसकट गेली. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला असता तर उभा राहिला असता, कारण ते चित्र खरंच फिरवतं आणि चिठ्ठी काढून टाकतं. पण त्यात फोटो आक्रसतो, तेव्हा पाठवताना एचडी निवडा आणि पिक्सेल मोजून घ्या.

यात माझ्या फोनचा दोष नाही, सेटिंगचा नाही, सरांचा तर नाहीच. असा फोटो फोनवाले रोजच काढतात. दोन ओळींची सूचना फॉर्मवर लिहिली असती तरी भागलं असतं.

गिंपमध्ये पुढचं काम चहा निवायच्या आत झालं. ‘रोटेट’ म्हणायचं, इमेज मेनूतल्या ‘स्केल इमेज’मध्ये लांब बाजू १६०० करायची, मग फाइल मेनूतून ‘एक्स्पोर्ट ॲज’, नावापुढे जेपीजी. दर्जाची पट्टी ८५ वर ठेवली, प्रिव्ह्यूची खूण केली की फाइल किती वजनाची होईल ते तिथेच दिसतं. तिथेच एक्झिफ ठेवण्याची खूण काढून टाका. आपण कुठे उभं राहून फोटो काढला ते ठिकाणसुद्धा त्यातच असू शकतं, आणि माझ्या बाल्कनीचे अक्षांश-रेखांश प्रदर्शनात लावायची मला हौस नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलं की पुढच्या फोटोंपुरता प्रश्नच मिटतो.

आयफोनवाल्यांची तऱ्हा वेगळी. २०१७ पासून त्यांचे फोटो एचईआयसी प्रकारात साठतात आणि असले फॉर्म ते बरेचदा घेत नाहीत. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, म्हणजे पुढचे फोटो जेपीजी निघतील. आधी काढलेले मात्र बदलून घ्यावे लागतात.

हो, एक राहिलंच. सांध्यांचे फोटो फेविकॉल लावायच्या आधी काढा. ड्रॉवर एकदा चिकटला की डोव्हटेलची आतली बाजू कुणाला दाखवता येत नाही. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, नाहीतर ड्रॉवर काडेपेटीएवढा की पेटाऱ्याएवढा, हे बघणाऱ्याला कळत नाही.

प्रवेशिका मंजूर झाली, मुदतीच्या आत. देव्हारा उभा राहिलेला पाहून मी मोठ्याने “हुश्श” म्हटलं ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. लोकांकडून पहिला प्रश्न आला तो पाठीच्या फळीबद्दल: खिळे मारलेत, चिकटवली आहे, की खाचेत सरकवली आहे? खाचेत सरकवली आहे आणि मोकळी ठेवली आहे, कारण पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, जागा नसेल तर चौकट ढकलते. ते दाखवायला पाचवा फोटो हवा होता आणि फॉर्म चारच घेतो. समोरून दोन द्यायच्या ऐवजी एक द्या आणि एक पाठीचा ठेवा, सुतारकाम करणारे तिकडेच आधी बघतात.