दुपारचे सहा तास

सोमवार, रात्री

मुलांना एकदा किनाऱ्यावर सोडलं की दिवसभर बघायला नको असं जे सांगतात ना, त्यांनी बहुतेक मुलं आजीकडे ठेवून कोकण केलेलं असतं. आमच्याकडे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत सगळं मस्त चालतं, मग ऊन चढतं, चड्डीत गेलेली वाळू टोचायला लागते, धाकट्याच्या डोळ्यात खारं पाणी जातं, मोठीला शिंपल्यांचा कंटाळा येतो आणि अकराच्या आत दोघं खोलीत येऊन पलंगावर ओल्या कपड्यांनी बसून 'आता काय करायचं' सुरू. डिसेंबर असला तरी वेंगुर्ल्याचं दुपारचं ऊन काही मस्करी नाही. पाच वाजेपर्यंत पाण्याकडे फिरकायचं नाही हे मी ठरवूनच टाकलंय, म्हणजे मधले सहा तास माझ्या डोक्यावर.

रिसॉर्टच्या काउंटरवर ॲक्टिव्हिटीचा एक लॅमिनेट केलेला कागद आहे. बनाना बोट, जेट स्की, बंपर राइड, सगळं पाण्यातलंच, त्यातलं निम्मं धाकट्याच्या वयाला चालत नाही आणि उरलेलं त्याला स्वतःलाच नकोय. 'किड्स झोन' म्हणजे एक स्टीलची घसरगुंडी, दुपारी तिच्यावर पापड भाजून निघेल. आत कॅरम आहे, स्ट्रायकर नाही. विचारलं तर तिथला पोरगा शांतपणे म्हणाला, मॅडम मागच्या ग्रुपने नेला.

शेवटी स्टेशनवरून ज्यांनी आणलं त्या रिक्षावाल्या काकांनाच फोन केला, म्हटलं काका मुलांना दाखवण्यासारखं काय आहे, पण किनारा सोडून. ते म्हणाले खाडीत जावा. मांडवी खाडीत कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची सफर असते, स्वामिनी बचतगटाच्या बायका चालवतात, २०१७ पासून. मोटर नाही, होडी त्या स्वतः वल्हवतात, आणि वेळ भरती-ओहोटी बघून ठरते, आपल्या ब्रेकफास्टप्रमाणे नाही. नवऱ्याला आधी वाटलं झाडंच तर बघायची, मुलं पाच मिनिटांत कंटाळतील. तसं झालं असतंही, पण पुढे बसलेल्या ताईंनी तिवराचं एक पान तोडून मोठीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चाटून बघ गो, खारा लागता काय नाय ता सांग." तिने माझ्याकडे बघितलं. एरवी मी हात धू, तोंडात घालू नको करत मागे असते त्यामुळे तिला खरंच परवानगी हवी होती. चाटलं आणि ओरडली, आई चिप्ससारखं लागतंय! झाड मुळातून खारं पाणी ओढतं आणि जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं, ते वाळून पानावर बसतं. मग काय, होडीतल्या सगळ्यांनीच पानं चाटली, नवऱ्यानेसुद्धा.

चिखलातून बोटाएवढी मुळं उलटी वर आलेली असतात, का तर चिखलात हवा नाही म्हणून मुळंच वर येऊन श्वास घेतात. हे शाळेच्या पुस्तकात मोठीला एका ओळीत आहे, पाठ पण आहे, पण त्या मुळांमधून निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे मासे, टुणटुण उड्या मारत जाताना बघितल्यावर तिने जे प्रश्न विचारायला सुरुवात केली ती परत धक्क्याला लागेपर्यंत थांबली नाही. मासा आहे तर पाण्याबाहेर कसा, बाहेर आहे तर मरत कसा नाही. ताईंनी सगळ्याची उत्तरं दिली, कंटाळल्या नाहीत.

धाकट्याचं वेगळंच झालं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, लांब हिरवी शेंग लटकत असते आणि पडली की चिखलात उभी रुतते किंवा तरंगत तरंगत दुसरीकडे जाऊन रुजते. तशी एक पाण्यात तरंगत होती ती ताईंनी उचलून त्याला दिली, होडी कडेला घेतली आणि म्हणाल्या लाव. त्याने कोपरापर्यंत हात चिखलात घालून ती लावली. आडवी झाली, परत लावली. आता संध्याकाळपासून येईल त्याला सांगतोय की वेंगुर्ल्याला माझं झाड आहे.

मंगळवार

सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा रंगवतात ते दाखवायचं माझ्या मनात होतं. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, दशावतारी असतील तर दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२० पत्ते. मागच्या शतकात ही कला बंदच पडायला आली होती, मग शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात पुंडलिक चितारी यांच्याकडून स्वतः शिकून घेऊन ती परत उभी केली. राजघराण्यातल्या माणसांनी खाली बसून ब्रश धरायला शिकणं मला तरी फार भारी वाटतं.

मुलांना मात्र दरबार हॉल पाच मिनिटं पुरला. तिथे दोरी, इथे हात लावू नका, तिथे फोटो काढू नका. पण रंगवायला बसलेल्या एका काकूंनी मोठीला खेळाचे नियम सांगितले आणि गाडी रुळावर आली. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि अर्ध्यांत एक्का मोठा. वर दिवसा खेळत असाल तर राम ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री असेल तर कृष्णवाला. मोठी म्हणाली मग संध्याकाळी सात वाजता कोण, त्यावर काकू हसल्या आणि म्हणाल्या दिवे लागले का बघायचं.

हाताने रंगवलेला अख्खा संच घेणं आपल्या खिशाचं काम नाही, आणि त्या कामाकडे बघितलं की ती किंमत जास्त आहे असंही म्हणवत नाही. म्हणून मग रात्री जेवणाच्या हॉलमधली वाटी पुठ्ठ्यावर ठेवून गोल काढणं चालू झालं. मत्स्याचे बारा झाले, सगळे मासे बांगड्यासारखे दिसतायत कारण दुपारी ताटात तेच होतं. कूर्माच्या चौथ्या पत्त्यावर झोप आली.

चितार आळी, म्हणजे सावंतवाडीतली लाकडी खेळण्यांची गल्ली, तिच्याबद्दल थोडक्यात: लाकडी फळं, भाज्या, भोवरे, भातुकली, बैलगाड्या, आणि पाकीट जपून. धाकट्याने भोवरा घेतला आणि दुकानदारानेच त्याला दोरी गुंडाळायला शिकवली, तोपर्यंत मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली तरी त्याला काही नाही. आमच्याकडे मॉलमध्ये खेळण्याचं खोकं उघडायच्या आधी बिल लागतं.

बुधवार

आज पिंगुळी. कुडाळला लागूनच आहे आणि इथलं मला कोणी आधी का नाही सांगितलं. इथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, त्यांचं कला आंगण म्हणून म्युझियम आहे ते घरच्या गुरांच्या गोठ्यात सुरू झालेलं. म्युझियम म्हटल्यावर काचेची कपाटं आणि गुळगुळीत फरशी डोळ्यांपुढे येते, इथे तसलं काही नाही, अंगणात शिरतो तसं शिरायचं.

आधी चित्रकथीची पोथी बघितली. सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ चिकटवलेली, रामायण-महाभारतातली एकेक गोष्ट एकेका पोथीत. चित्र पुढे धरायचं आणि कथा गाऊन सांगायची, की पुढचं चित्र. डोळे तर एवढे मोठे काढलेले की धाकटा आधी थोडा मागेच सरकला. मग चामड्याच्या बाहुल्या. चामडं इतकं पातळ केलेलं असतं की मागून दिवा लावला की रंग पडद्यावर उतरतात, आणि बारीक भोकं पाडलेली असतात त्यातून दागिन्यांचे ठिपके उजळतात. मी आजवर सावली म्हणजे काळीच समजत होते.

आणि मग दाखवणाऱ्या दादांनी बाहुली मोठीच्या हातात दिली, म्हणाले पडद्यामागे जा. ती गेली. आधी बाहुली नुसतीच थरथरत होती, मग तिला कळलं की दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते पण पुसट, पडद्याला टेकवली की छोटी आणि स्वच्छ. मग रावण एकदम अवाढव्य होऊन आला आणि गायब, परत आला, परत गायब. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. प्रकाशाच्या धड्याला ट्यूशनची फी भरतो आपण!

धाकट्याला कळसूत्रीची दोरी मिळाली. त्याने जोरात ओढली तर बाहुलीचा हात डोक्यावरच गेला. दादा म्हणाले, "ओढू नको रे झिला, वायच सोड." सोडल्यावर हात खाली आला, परत ओढली तर नमस्कार झाला, आणि मग त्याने त्या बाहुलीकडून किती नमस्कार करून घेतले देव जाणे, आमच्या नंतर आलेल्या एका कुटुंबातल्या आजी मात्र प्रत्येक वेळी हात जोडून परत नमस्कार करत होत्या. निघताना रडारड. दुपारचे सहा तास कसे घालवायचे म्हणून आलो होतो आणि साडेपाच वाजले होते, समुद्र कोणाला आठवलासुद्धा नाही.

गुरुवार, खूप उशीर झालाय

सकाळी मालवण, सिंधुदुर्ग किल्ला. नाताळच्या सुट्टीत होडीची रांग किती असते ते लिहीत नाही, डोकं परत दुखेल. किल्ला बांधायला १६६४ साली सुरुवात झाली, तीनेक वर्षांत उभा राहिला, एवढं होडीत सांगून झालं पण मुलांचं लक्ष नव्हतं. मग नवऱ्याने चांगली युक्ती केली, म्हणाला जो आधी दरवाजा शोधेल त्याला आइस्क्रीम. तो शोधून सापडतच नाही, कारण महाद्वार तटाच्या वळणात लपवलंय, बाहेरून दिसू नये म्हणूनच. पार जवळ जाईपर्यंत दोघं बोटं दाखवून भांडत होती. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चारी बाजूंनी समुद्र आणि विहिरींना पाणी गोड, हे मोठीला पटेना. कांदळवन बघून आल्यामुळे तिचं म्हणणं की इथे पण कुणीतरी मीठ बाहेर टाकत असणार. महाराजांच्या हाताचा ठसा बघताना तिने आपला हात हवेत तसा धरून बघितला. बाकी ऊन आणि गर्दी, लवकर परत.

वाटेत एक छोटा काजूचा कारखाना लागला, घरामागची शेड म्हणावी एवढाच. विचारलं तर या म्हणाले. बी वाफवायची, एकेक करून पात्याच्या मशीनवर फोडायची, वाळवायची, साल काढायची, मग निवडायची. टरफलातलं तेल कातडी जाळतं, फोडणाऱ्या मावशींनी हात दाखवले, बोटं काळी पडलेली. मुलं गप्प झाली. नंतर निवडणाऱ्या बाईंनी दोघांसमोर ढीग ओतला, म्हणाल्या मोठे इकडे, बारके तिकडे, तुकडे खाऊन टाका. तिथे मोठीला कळलं की १८० नंबरचा काजू ३२० पेक्षा महाग का, कारण तो नंबर म्हणजे एका पौंडात किती काजू बसतात तो आकडा, कमी बसले म्हणजे एकेक मोठा. मी इतकी वर्षं वाण्याकडे '३२० द्या' म्हणतेय आणि मला वाटायचं ते दर्जाचं काहीतरी असेल.

आणि आत्ता जत्रेतून आलोय, एक वाजून गेलाय. रिक्षावाल्या काकांच्याच गावची. पालखी झाल्याशिवाय दशावताराचं नाटक सुरू होत नाही, त्यामुळे आधी दुकानं, खाजं (आल्याचं, गुळाचं, धाकट्याचे हात कोपरापर्यंत चिकट), दिवे लावलेले स्टॉल. काकांनी ओळख काढून मुलांना रंगपटात नेलं. मेकअपला वेगळा माणूस नसतो, प्रत्येक जण पेटी उघडून आपलं आपण रंगवतो. एक आजोबा वयाचे नट चष्मा लावून छोट्या आरशात भुवई काढत होते, भुवई चष्म्याच्या दांडीखाली अडली की चष्मा काढायचे, मग आरसा दिसायचा नाही, की परत चष्मा. मोठीने न राहवून आरसा जवळ धरला. "हयसर बस गो चेडवा," म्हणाले, आणि दुसरी भुवई तिने धरलेल्या आरशात झाली. अर्ध्या तासाने तेच आजोबा शालू नेसून राणी होऊन आले तेव्हा ती आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत होती, आरसा मी धरलेला.

संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं तिथल्या तिथे, त्यामुळे संकासूर हा राक्षस आला की गावातल्याच कोणाची तरी टोपी उडते आणि सगळी माणसं हसून फुटतात. मालवणी आम्हाला निम्मी कळली. धाकटा गणपती येऊन जाईपर्यंत टिकला, मग मांडीवर आडवा. नाटक पहाटेपर्यंत चालतं, आम्हाला मध्येच उठावं लागलं, मोठी अजून फुगलेली आहे.

शुक्रवार

बॅगा भरतेय. माझ्या ताईचा सकाळी फोन होता, ती मुलांना घेऊन मे महिन्यात यायचं म्हणतेय आणि रिसॉर्टचा नंबर मागत होती. म्हटलं नंबर देते पण त्याआधी रिक्षावाल्या काकांचा घे. मेमध्ये जत्रा सरत आलेल्या असतील, पण बोंडू (काजूची फळं), फणस, करवंदं असतील. किल्ला करायचा तर महिन्याच्या सुरुवातीला कर, पाऊस जवळ आला की होड्या बंद होतात, आणि सकाळी पहिली होडी पकड. पिंगुळीला फोन करून जा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस. ती म्हणाली अगं पण स्विमिंग पूल आहे ना? आहे. आणि स्ट्रायकर घरून घेऊन जा.