पांढरी सोलं

सावंतवाडीत माझं छोटं दुकान आहे, कोकणी माल आणि लाकडी खेळणी. खेळणी पर्यटक फोटोपुरती हातात घेतात, खरं दुकान चालतं ते कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि मालवणी मसाल्यावर. हे सगळं आजूबाजूच्या गावातल्या बायका करून आणतात. डिसेंबरच्या गर्दीत एक प्रकार घडला तो अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

पुण्याचे एक गिऱ्हाईक गिफ्ट बॉक्स बनवून विकतात. त्यांनी माझ्याकडून १० किलो सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, नेली होती. गोव्याला जाताजाता गाडी थांबवली, खोका आणून काउंटरवर ठेवला आणि भर गर्दीत म्हणाले, मॅडम, सगळ्या मालाला फंगस आलंय. दुकानात दहा-बारा माणसं असतील, दोघींनी हातातली पाकिटं तिथंच परत ठेवली.

मी पाकीट फोडून बघितलं, मीठ होतं. सोलं करताना पिकलेली रातांबी, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया आणि गर वेगळा काढतात, त्यात मीठ घालून रस सुटू देतात आणि सालं त्या रसात बुडवून वाळवतात, परत बुडवतात, परत वाळवतात, असं पाच-सात वेळा, साल काळंभोर होईपर्यंत. हे सगळं एप्रिल-मे मध्ये, वळीव कधी येईल याचा नेम नाही, ढग दिसले की खळ्यातून सगळं उचलून पडवीत घ्यायचं आणि ऊन आलं की परत पसरायचं. त्या मिठावरच सोलं वर्षभर टिकतात. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं त्यांना पाणी सुटतं आणि थंडीत हवा कोरडी झाली की तेच मीठ वर येऊन पांढरं दिसतं. बुरशी असली तर तंतू दिसतात, लव असते, कुबट वास येतो. मीठ बोटाला खरखरीत लागतं.

ग्लासात कोमट पाणी घेऊन सोल टाकलं, पांढरं गेलं, पाणी लाल झालं. तर म्हणाले, बुरशीपण धुतली जातेच की.

नेमक्या त्याच वेळी ही सोलं करणाऱ्या काकी कुळथाचं पीठ द्यायला आल्या होत्या. त्यांनी काही न बोलता खोक्यातलं एक सोल उचलून तोंडात टाकलं आणि त्यांच्याकडे बघत चावत उभ्या राहिल्या. मग ते जरा नरमले, पण जे म्हणाले त्याला मला आजही उत्तर सुचत नाही. "मला पटलं हो, पण मी बॉक्स विकतो, माझ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ग्लास घेऊन कोण दाखवणार? मला पांढरं दिसणारं नको."

मी पैसे परत दिले. काकींचे कापले नाहीत, ते कापणं मला जमलंच नसतं. बचत गटाच्या ट्रेनिंगला लेबल शिकवतात, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी नंबर कुठं टाकायचा, बॅच, तारीख सगळं शिकवतात आणि ते लागतंच, पण खरा माल कसा दिसतो हे विकत घेणाऱ्याला कुणीच शिकवत नाही. इथल्या कोकमाला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे, आणि पर्यटकांना पाहिजे ते एकसारखं, मऊ, चकचकीत! चूक त्यांचीही म्हणवत नाही, त्यांनी आयुष्यभर तसंच बघितलंय.

ते गेल्यावर काकी म्हणाल्या, "गो बाय, होया तर मीठ कमी घालतंय. पण पावसात रवाची नाय ती." हे इतक्या सहज बोलल्या की मलाच कसंतरी झालं. वर्षानुवर्षं मुठीच्या अंदाजानं मीठ घालणारी बाई, एका खोक्यापायी अंदाज बदलायला तयार! मी नको म्हटलं. पाकिटावर 'पांढरे कण मिठाचे आहेत' अशी ओळ टाकू म्हटलं तर म्हणाल्या, "लिवन कित्याक? तेका खाऊन बघूक सांग."

ओळ छापून घेतली. काहीजण वाचतात, काहीजण वाचूनसुद्धा पाकीट उलटंसुलटं करून ठेवून देतात. परत आलेली सोलं मी सुटी विकली, सगळी गेली, घेणारे बहुतेक इथलेच.

आता रातांब्यांना फळ धरलंय. परवा काकींचा फोन आला, अर्धा माल कमी मिठाचा करू का, पुण्यावाल्यांसाठी, मेमध्येच उचलणार असतील तर. तसा लवकर संपवला तर टिकेलही. त्यांच्या घरात या सोलांच्या पैशांवर बरंच काही ठरतं त्यामुळे मला एकदम नाही म्हणवेना. पण तो माल ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी डब्यात खरोखर बुरशीनं खराब झाला तर लेबलवर नाव काकींचंच असणार. अजून फोन केलेला नाहीये.